नवा गडी, जुना संघ

आपल्या बेटावर फुटबॉलचे वेड मोठे. पण वाचकहो, कॅनडातील एका बास्केटबॉल संघाची ही हकिगत कोणत्याही क्लबाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

जुलै 2018 मध्ये टोरांटो रॅप्टर्सने नऊ हंगाम निष्ठेने खेळलेल्या डेमार डेरोझनला सॅन अँटोनियोच्या संघाकडे धाडले व तेथील फॉरवर्ड कवाय लेनर्डला आणले. लोक हळहळले. लेनर्ड आदल्या हंगामात मांडीच्या दुखापतीमुळे अवघे 9 सामने खेळला होता. शिवाय रॅप्टर्सचा खेळ चेंडू हातोहात फिरवण्याचा, तर हा गडी एकट्याने भिडून गुण मिळवणारा. यांचे जमणार कसे?

प्रशिक्षक निक नर्स यांनी त्याला जुन्या साच्यात कोंबले नाही. 82 पैकी 60 सामनेच त्याला खेळवले. तो नसताना संघाने आपल्या जुन्या रीतीने 22 पैकी 17 सामने जिंकले. अटीतटीला मात्र चेंडू त्याच्याच हाती दिला. 12 मे 2019 रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध निर्णायक सातव्या सामन्यात त्याने शेवटच्या क्षणी फेकलेला चेंडू रिंगवर चार वेळा आपटून आत पडला. 92-90! 13 जूनला रॅप्टर्स प्रथमच विजेते झाले.

महिन्याभरात लेनर्ड लॉस एंजेलिसला गेला. तरीही पुढील हंगामात संघाने 72 पैकी 53 सामने जिंकले. नव्याला जागा दिली, पण आपली रीत सोडली नाही, म्हणूनच तो शोभला आणि तो गेल्यावर संघही उघडा पडला नाही.