आमवात आणि स्त्रियांमधील संप्रेरके

आमवात अर्थात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा स्वयंप्रतिकार विकार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतील अस्तरावरच हल्ला करते. बोटे, मनगटे व पावलांचे सांधे सुजतात आणि सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात. वयोमानानुसार होणाऱ्या सांध्यांच्या झिजेहून हा विकार भिन्न आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दोन ते तीन पट आढळते.

महाराष्ट्रातील पाहणी

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघरी पाहणी सुरू केली. तीत ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे ०.५ टक्के व्यक्तींना आमवात असल्याचे दिसले.

गर्भावस्था व प्रसूती

गर्भावस्थेत अनेक रुग्ण स्त्रियांची सांधेदुखी कमी होते, हे अमेरिकी वैद्य फिलिप हेंच यांनी १९३८ साली नोंदवले. त्याच्या कारणाचा शोध घेताना कॉर्टिसोनचा उपचार पुढे आला व हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत मात्र विकार पुन्हा उसळतो. काहींमध्ये तो याच काळात प्रथम प्रकटतो. ही दुखणी बाळंतपणाचा अशक्तपणा समजून अंगावर काढल्यास निदान लांबते आणि सांध्यांची हानी भरून निघत नाही.

स्तनपान व रजोनिवृत्ती

एकूण वर्षभराहून अधिक काळ स्तनपान केलेल्या स्त्रियांमध्ये धोका कमी असल्याचे काही मोठ्या अभ्यासांत आढळले आहे. रजोनिवृत्ती लवकर, विशेषतः पंचेचाळिशीपूर्वी, आल्यास धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या व संप्रेरक उपचार यांविषयीचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. त्यामुळे आमवात टाळण्यासाठी ते दिले जात नाहीत.

मर्यादा व दक्षता

संप्रेरके हे आमवाताचे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता व धूम्रपान हेही महत्त्वाचे घटक आहेत. मूल न होणे वा स्तनपान न करणे यासाठी रुग्ण स्त्रीला दोष देणे शास्त्राला धरून नाही.

मेथोट्रेक्सेट हे आमवातावरील प्रमुख औषध गर्भाला घातक असल्याने गर्भधारणेपूर्वीच बंद करावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व सल्फासॅलाझिन ही औषधे गर्भावस्थेत वैद्यकीय देखरेखीखाली चालू ठेवता येतात. म्हणून अपत्याचा विचार असल्यास वैद्यांना आधी सांगणे आवश्यक ठरते. औषधे परस्पर थांबवल्यास विकार बळावू शकतो.