आय. एफ. के. येतेबॉर्य : १९८२ चा हंगाम

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील येतेबॉर्य (गोथेनबर्ग) या बंदराच्या शहरातील फुटबॉल क्लबचा सर्वांत यशस्वी हंगाम. यूएफा चषक, स्वीडिश चषक आणि राष्ट्रीय अजिंक्यपद हे तिन्ही मान या क्लबने १९८२ मध्ये मिळविले. युरोपीय स्पर्धा जिंकणारा हा पहिलाच स्वीडिश क्लब होय. त्यातील बहुतेक खेळाडू उपजीविकेसाठी अन्यत्र नोकरी करीत आणि क्लबची तिजोरी त्या वर्षाच्या आरंभी जवळजवळ रिकामी होती, म्हणून या यशाचा विचार वेगळ्या दृष्टीने करावा लागतो.

क्लबची स्थापना १९०४ मध्ये झाली. नावातील आद्याक्षरांचा अर्थ ‘सवंगड्यांचा क्रीडासंघ’ असा असून स्वीडनमधील अनेक क्लब ती धारण करतात. निळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या पोषाखावरून या संघास ‘ब्लोव्हिट’ (निळेपांढरे) म्हणतात. स्वीडिश क्लब ही सभासदांची संस्था असते; तोटा भरून काढणारा धनाढ्य मालक तिच्यामागे नसतो. हौशीपणाचे नियम स्वीडनमध्ये १९६७ मध्ये रद्द झाले, तरी पुढील दोन दशके तेथील फुटबॉल बव्हंशी अर्धव्यावसायिकच राहिला. बचावपटू ग्लेन हिसेन हा वीजतंत्री, तर मध्यरक्षक टूर्ड होल्मग्रेन हा नळजोडणीचे काम करणारा होता.

स्व्हेन-यरान एरिकसन (१९४८–२०२४) यांच्याकडे १९७९ मध्ये प्रशिक्षकपद आले, तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. बॉब हॉटन व रॉय हॉजसन या इंग्रज प्रशिक्षकांनी १९७० नंतर माल्म व हाल्मस्टाड येथे रुजविलेली पद्धती त्यांनी स्वीकारली. तीत बचावपटू विशिष्ट प्रतिस्पर्ध्याच्या पाठीस न लागता मैदानाचा नेमून दिलेला भाग सांभाळतो. चार बचावपटू व चार मध्यरक्षक यांच्या दोन रांगा एकमेकींपासून ठराविक अंतर राखून पुढेमागे सरकतात. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला चेंडू खेळविण्यास जागाच उरत नाही. चेंडू गमावताच जवळच्या दोघातिघांनी एकदम चाल करून तो परत मिळवायचा आणि लगेच दोन आघाडीवीरांकडे लांब पाठवायचा. ही पद्धती यांत्रिक व नीरस असल्याची टीका स्वीडनमध्ये बरीच झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. तथापि एकट्यादुकट्या खेळाडूच्या अलौकिक कौशल्याऐवजी सरावाने येणाऱ्या शिस्तीवर ती उभी होती. असे कौशल्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्या क्लबला ती म्हणूनच सोयीची ठरली.

यूएफा चषकाच्या १९८१-८२ च्या स्पर्धेत संघाने फिनलंडचा हाका, ऑस्ट्रियाचा स्टुर्म ग्रात्स व रूमानियाचा डिनामो बूकारेस्ट यांना क्रमाने नमविले. उपांत्यपूर्व फेरी मार्चमध्ये होती. स्वीडिश साखळी स्पर्धा हिमामुळे एप्रिलच्या सुमारास सुरू होऊन शरद ऋतूत संपते; अर्थात स्पेन-जर्मनीतील संघ हंगामाच्या ऐन भरात असताना येतेबॉर्यचे खेळाडू हिवाळ्याच्या सुटीतून नुकतेच बाहेर पडत होते. त्यातच आर्थिक अरिष्ट ओढवले. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे जाण्याच्या खर्चासाठी समर्थकांच्या संघटनेकडून उसनवारी करावी लागली. तेथे २–२ अशी बरोबरी साधून संघाने परतीचा सामना २–० असा जिंकला.

उपांत्य फेरीतील प्रतिस्पर्धी जर्मनीचा कायझर्सलाउटर्न हा होता; त्याने आधीच्याच फेरीत रेआल माद्रिदचा ५–० असा धुव्वा उडविला होता. पहिला सामना १–१ असा सुटला, तर दुसरा येतेबॉर्यने जादा वेळेत २–१ असा जिंकला. अंतिम फेरीत गाठ पडली ती एर्न्स्ट हापेल यांच्या मार्गदर्शनाखालील हँबर्गशी. हा संघ त्याच वर्षी जर्मनीचा विजेता ठरला आणि पुढच्या वर्षी युरोपीय चषकाचाही मानकरी झाला. पहिला सामना ५ मे रोजी येतेबॉर्यच्या उल्लेव्ही मैदानावर भर पावसात झाला. ८७ व्या मिनिटाला टूर्ड होल्मग्रेनने एकमेव गोल केला. एवढी तुटपुंजी आघाडी हँबर्गमध्ये टिकेल, असे फारच थोड्यांना वाटत होते. प्रत्यक्षात १९ मे रोजी डान कोर्नेलियुसन, टोरब्यर्न निल्सन आणि पेनल्टीवर स्टिग फ्रेड्रिकसन यांच्या गोलांनी येतेबॉर्यने तेथेही ३–० असा विजय मिळविला. संपूर्ण स्पर्धेत संघाने एकही सामना गमावला नाही.

स्वीडिश चषकाच्या अंतिम सामन्यात येतेबॉर्यने अस्टरला ३–२ असे हरविले. त्यानंतर एरिकसन पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबकडे गेले व त्यांचे सहायक गुंडेर बेंग्टसन यांनी सूत्रे हाती घेतली. साखळीतील पहिल्या आठ संघांमध्ये बाद पद्धतीने अजिंक्यपदाचा निर्णय करण्याची प्रथा त्याच वर्षी सुरू झाली होती. अंतिम फेरीत स्टॉकहोमच्या हामारबी संघाकडून येतेबॉर्यला स्वतःच्या मैदानावर १–२ अशी हार पत्करावी लागली. परंतु परतीच्या सामन्यात ३–१ असा विजय मिळवून त्याने अजिंक्यपद पटकाविले.

युरोपीय यशामुळे क्लबची आर्थिक घडी सावरली, पण संघ मात्र विखुरला. निल्सन कायझर्सलाउटर्नला गेला. ग्लेन स्ट्रमबेर्य एरिकसन यांच्या पाठोपाठ बेन्फिकाला आणि हिसेन नेदर्लंड्समधील पी. एस. व्ही. आइंटहोव्हनला गेला. क्लबने १९८७ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी युनायटेडला हरवून यूएफा चषक पुन्हा जिंकला. त्या वेळी प्रशिक्षकपदी बेंग्टसनच होते आणि १९८२ च्या संघातील फ्रेड्रिकसनही खेळत होता.