रानभाजीची पारख

मृगाच्या सरी कोसळल्या कीं सह्याद्रीच्या उतारांवर व कोंकणच्या वरकस जमिनींत रानभाज्या उगवतात. ठाकर, कातकरी व वारली स्त्रिया त्या खुडून बाजारांत आणतात. त्यांची ही विद्या पुस्तकांत थोडी व नजरेंत अधिक आहे. आणि तींत चूक झाल्यास प्रसंगीं जिवावर बेततें.

पारखीचा पहिला नियम असा, कीं एका खुणेवर विसंबूं नये. टाकळ्याच्या संयुक्त पानांत पर्णिकांच्या बहुधा ३ जोड्या असतात, टोंकाची जोडी सर्वांत मोठी असते, आणि रात्रीं त्या मिटतात. पिवळें फूल व बारीक लांब शेंग मागाहून येते. भाजीस मात्र कोंवळा पालाच लागतो. म्हणून वनस्पति फुलांवर असतां पाहून ठेवावी आणि पुढील वर्षीं ती पानांवरून ओळखावी. टाकळ्याचें संस्कृत नांव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. त्याचा जुना उपयोग नांवांतच सांठविलेला आहे.

दुसरा नियम असा, कीं वनस्पतीबरोबर तिचा संस्कारही शिकावा. शेवळ पानाआधीं फुलोऱ्याच्या रूपानें जमिनींतून वर येतें. त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळें घसा खाजतो. यास्तव तें नीट शिजवून त्यांत काकडाचीं आंबट फळें किंवा चिंच घालतात.

तिसरा नियम असा, कीं विषारी वनस्पति आधीं ओळखाव्या. कळलावीच्या पानाचें टोंक तणाव्यासारखें वळलेलें असतें व पिवळ्या-तांबड्या पाकळ्या उलट्या फिरलेल्या असतात. नांगरासारख्या कंदावरून तिला लांगली म्हणतात. प्रसूतीच्या कळा आणण्याच्या जुन्या उपयोगावरून कळलावी. पावसाळा सरतां वेल वाळतो, ओळखीच्या खुणा जातात, आणि कंद तेवढा मातींत राहतो. त्यांत कोल्चिसीन हें तीव्र विष असतें. खाण्याचा कंद समजून तो शिजवून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत.

नवशिक्यानें एका पावसाळ्यांत ४-५ वनस्पतीच निवडाव्या व जाणत्या स्त्रीबरोबर त्या वारंवार पाहाव्या. देशी नांवें गांवोगांव बदलतात. म्हणून पान-फूल कागदांत वाळवून शेजारीं जागा, तारीख व स्थानिक नांव लिहावें. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत देशी नांवेंही दिलेलीं आहेत. त्यांशीं तीं ताडून पाहावीं. इतकें करूनही शंका उरल्यास तो पाला टोपलींत घालूं नये.