द्राक्षांच्या गावाला, व्हाया संगमनेर

वाइनरीतला मुक्काम म्हणजे नुसता ग्लास हातात धरून काढलेला फोटो नव्हे. त्या ग्लासामागे एक शेत आहे, आणि त्या शेताची गोष्ट पुणे-नाशिक रस्त्यावरच वाचायला मिळते.

लोणावळ्याला गर्दी, महाबळेश्वर दहा वेळा झालंय, अलिबागला जायचं तर बोटीची रांग. शुक्रवारी संध्याकाळी पीसी बंद करताना हा प्रश्न हमखास पडतो : या वीकेंडला जायचं कुठे? सध्या या प्रश्नाचं एक झकास उत्तर आहे. चक्क द्राक्षबागेत राहायला जायचं!

पुण्याहून निघालात की नारायणगाव, आळेफाटा, मग बोटा-घारगावला नगर जिल्हा लागतो. (सरकारदरबारी आता अहिल्यानगर, पण बोलताना अजून अनेकांच्या तोंडी नगरच.) चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर आणि नाशिक. म्हटलं तर एका सकाळचा रस्ता. पण महाराष्ट्राच्या वाइनची सगळी कुंडली या एका रस्त्यावर मांडलेली आहे.

एक टोक : नारायणगाव

भारतात वाइन 'कूल' होण्याच्या खूप आधी, १९८०च्या दशकात, शामराव चौगुले यांनी नारायणगावला शातो इंडाज उभी केली. इथली फसफसणारी 'ओमार खय्याम' थेट परदेशात गेली. कंपनी वाढली, परदेशातल्या कंपन्याही विकत घेऊ लागली. मग २००८ची जागतिक मंदी आली आणि कर्जाचा डोंगर कोसळला. पुढच्या दोन-तीन वर्षांत इंडाज संपल्यात जमा होती.

त्याच काळात इतरही अनेक वाइनरींनी द्राक्षखरेदी कमी केली. यात सगळ्यात जास्त पोळला तो शेतकरी. का? तर वाइनचं द्राक्ष बाजारात खपत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. आपण पेटीतून आणतो ते थॉमसन सीडलेस वेगळं आणि हे वेगळं. वाइनरीने पाठ फिरवली की हा माल हातगाडीवरही विकता येत नाही. अनेकांनी तेव्हा वाइनच्या वेली उपटून टाकल्या आणि पुन्हा खायच्या द्राक्षांकडे वळले.

दुसरं टोक : नाशिक

राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमधली नोकरी सोडून परतले आणि नाशिकजवळच्या घरच्या जमिनीत त्यांनी वेली लावल्या. आईचं नाव सुलभा, म्हणून ब्रँड 'सुला'. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेसाठी खास धोरण आणलं आणि वाइनरींना बळ मिळालं.

पण खरी आयडिया २००५ची. सुलाने वाइनरीतच टेस्टिंग रूम उघडली. म्हणजे काय, तर गिऱ्हाईकाच्या मागे दुकानात धावण्याऐवजी गिऱ्हाईकालाच शेतावर बोलवायचं. पुढे संगीताचा सुलाफेस्ट आला, राहण्याच्या खोल्या आल्या. आज गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, सोमा, यॉर्क आहेत, तर इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाजवळ वलोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. छोट्या वाइनरीसाठी तर दारात आलेला पाहुणा म्हणजे लाखमोलाचा. तो बाटली थेट विकत घेतो, मधले हात वाचतात, आणि चव आवडली तर चार मित्रांना सांगतो. एका कंपनीच्या ताळेबंदावर लटकलेल्या बागेला हा दुसरा आधार आहे.

मुक्कामाचा फंडा

जायचं कधी? जानेवारी ते मार्च, काढणीच्या दिवसांत. युरोपात वेल थंडीत झोपते, आपल्याकडे झोपतच नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. पावसाळ्यात गेलात तर हिरवंगार दिसेल, पण घड शोधू नका.

पहाटे उठायचा कंटाळा करू नका. ऊन चढायच्या आत तोडणी होते. मग टाक्यांकडे जा. पांढऱ्या वाइनसाठी रस सालापासून लगेच वेगळा करतात, लाल वाइनसाठी सालासकट आंबवतात. लाल रंग येतो तो सालातून! आणि जमलं तर बागेतल्या माणसाशी बोला. डाऊनी, भुरी, अवकाळी, गारपीट हे चार शब्द ऐकलेत की मेन्यूकार्डावरच्या किमतीचा अर्थ जरा वेगळा लागेल.

आणि मधलं नगर?

नगर जिल्ह्यात द्राक्षं नाहीत असं नाही. श्रीगोंद्याकडे बागा आहेतच. पण नाव झालं ते नाशिकचं. शिवाय याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली, तेव्हा अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला होता. गावातली दारू बंद करून ज्या गावाने आपलं नशीब बदललं, त्या गावाचा हा विरोध हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'शेतकऱ्याच्या मालाला भाव' आणि 'घरात शिरणारी बाटली', दोन्ही बाजूंना खरी माणसं आहेत.

मग नगरने काय करायचं? द्राक्षबागेत मुक्कामाला वाइन लागतेच, असं कुठे आहे? याच जिल्ह्यात भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला झुंबड उडते, आणि पाहुण्यांना तंबूत उतरवून, चुलीवरचं जेवण वाढून गावकरी चार पैसे कमावतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे. फेब्रुवारीत बागेत दोन दिवस, घड आपल्या हाताने तोडायचे, ताजा रस, बेदाणे आणि रात्री पिठलं-भाकरी. सांगा, कुठला ऑफिस ग्रुप नाही म्हणेल?

निघण्याआधी

• काढणीच्या दिवसांत शनिवार-रविवारच्या खोल्या लवकर भरतात. आठवड्याच्या मधे जमलं तर शांतता मिळते.
• महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. ड्राय डे आहे का, तेही बघून घ्या.
• चव घेऊन उरलेली वाइन ओतून टाकणं हा अपमान नाही, तिथली रीतच आहे. पहिल्या तीन ग्लासांतच गार होऊ नका.
• गाडी चालवणाऱ्याने वाइन घ्यायची नाही. नाहीतर सरळ मुक्कामच करा. मुक्कामाचा अर्धा उपयोग तोच!
• परतताना बाटलीबरोबर संगमनेरच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्याकडून खायची द्राक्षंही घ्या. बाग त्याचीही आहे.