सत्तर टक्क्यांचा सल्ला आणि गळून गेलेली अट

हवी तेवढी माहिती हाती येण्याची वाट पाहू नका. सत्तर टक्के मिळाली की निर्णय घ्या. नव्वद टक्क्यांसाठी थांबलात, तर बहुधा उशीर करताय. अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांचा हा सल्ला अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून मोबाइलवर फिरत असतो. पाहणाऱ्याला हुरूप येतो, आणि तो यावाच. मात्र हुरूप आला म्हणजे धडा कळला, असं नाही.

हा सल्ला मुळात बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या 2016 सालच्या वार्षिक पत्रातला आहे. तिथे त्याच्या मागेपुढे दोन अटी आहेत. पहिली अट अशी, की सगळ्या निर्णयांना एकच पद्धत लावायची नाही. काही निर्णय दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या दारासारखे असतात; आत गेलो, पटलं नाही, तर परत फिरता येतं. घाई चालते ती अशाच ठिकाणी. दुसरी अट, चूक लवकर ओळखून ती दुरुस्त करता आली पाहिजे. अर्ध्या मिनिटात सत्तरचा आकडा तेवढा उरतो, अटी गळून जातात.

आपल्या व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. दुकानातली मांडणी बदलली आणि गिऱ्हाइकाला रुचली नाही, तर आठवड्यात पूर्ववत करता येते. गाळा तारण ठेवून काढलेलं कर्ज मात्र असं मागे घेता येत नाही. तिथे सत्तर टक्क्यांवर उडी मारणं धाडस नव्हे, तो निष्काळजीपणा आहे.

त्याच पत्रातला दुसरा सल्ला तर फिरता फिरता उलटाच झाला आहे: मतभेद असले तरी निर्णय झाल्यावर मनापासून साथ द्या. कितीतरी कचेऱ्यांत हे वाक्य कनिष्ठांना गप्प बसवायला वापरलं जातं. पत्रातलं उदाहरण वेगळंच सांगतं. अ‍ॅमेझॉन स्टुडिओजच्या एका कार्यक्रमाबद्दल बेझोस यांचं मत प्रतिकूल होतं, सहकाऱ्यांचं अनुकूल. बेझोस यांनी आपला मतभेद कळवला आणि लगेच मंजुरीही दिली. तिथे माघार वरिष्ठाने घेतली होती. वरिष्ठांनीही हे करावं, असं पत्रात स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणून छोटा सल्ला आवडला, तर तो पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात: तो कुणी, कुणाला आणि कोणत्या अटीवर दिला. मूळ पत्र सगळ्यांना वाचायला खुलं आहे आणि चहा संपेपर्यंत वाचून होतं. मग सोमवारी कामावर गेल्यावर, ज्यातून परत फिरता येईल असा एकच निर्णय निवडावा, घ्यावा आणि चूक कधी तपासायची ती तारीख आधीच लिहून ठेवावी. त्या तारखेला वही उघडली, की सल्ला आपल्या कामाला लागला की नाही, ते समजेल.