पत्र्याच्या घरातही गार होते टोमॅटोचे निवळ सार

एप्रिल उजाडला की नाशिकचा पारा चाळिशीला भिडतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना तर ऊन बाहेर आणि आत सारखेच. दुपारी मुले जेवत नाहीत, म्हातारी माणसे "भूक नाही" म्हणत ताट सरकवतात. बांधकामावर आणि शेतात जाणाऱ्या आपल्या बाया मुद्दामच पाणी कमी पितात, कारण कामाच्या जागी लघवीला आडोसा नसतो. हे आपण सगळ्या जाणतो, पण बोलत नाही. मग चक्कर, डोकेदुखी, लघवीची जळजळ मागे लागते.

"पाणी प्या" एवढे सांगून भागत नाही. म्हणून या वेळी आम्ही घशाखाली सहज उतरणारा एक पदार्थ सांगत आहोत : टोमॅटोचे निवळ, गार सार. नेहमीच्या साराचेच हे भावंड. फक्त यात फोडणी नाही, खोबरे नाही, चोथा नाही, आणि हे गार करून प्यायचे.

टोमॅटोच का?

टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणीच असते. त्याचा आंबटपणा, थोडी गोडी आणि पोटॅशियम हे क्षार पाण्यात उतरतात. लाल रंग मात्र पाण्यात विरघळत नाही, तो चोथ्यात राहतो. म्हणून नीट गाळलेले सार लाल नव्हे, फिकट सोनेरी दिसते. मुले आधी तोंड वाकडे करतात. एक घोट घेतला की पेला पुढे करतात.

आपला जिल्हा टोमॅटोचा. पिंपळगाव बसवंतला वीस-वीस किलोच्या क्रेटने माल विकला जातो. उन्हाळी टोमॅटोसाठी जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ओळखले जाते. भावाचा मात्र भरवसा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव पडला म्हणून नाशिकच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, तर जुलै २०२३ मध्ये किलोला शंभराच्या वर मोजावे लागले. म्हणून स्वस्त असेल तेव्हाच हे सार करा. महाग झाले तर कैरीचे पन्हे आणि ताक आहेच. बाजार उठताना मिळणारे मऊ टोमॅटो चालतील. फुटलेले, बुरशी आलेले नकोत.

साहित्य (चार जणांसाठी)

अर्धा किलो लाल पिकलेले टोमॅटो, चार पेले पिण्याचे पाणी, बोटाच्या पेराएवढे आले, चार-पाच मिरे, पाव चमचा जिरे, कोथिंबिरीच्या काड्या, अर्धा लहान चमचा मीठ, चिमूटभर साखर.

कृती

१. टोमॅटो धुऊन मोठ्या फोडी करा. स्टीलच्या पातेल्यात सगळे एकत्र घालून उकळी आणा. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई गेलेले पितळी भांडे वापरू नका, आंबटाने धातू अन्नात उतरतो.

२. आच मंद करून पंधरा-वीस मिनिटे शिजू द्या. रवीने घुसळू नका, डावाने ठेचू नका.

३. जुने, स्वच्छ, पांढरे सुती फडके आधी दहा मिनिटे पाण्यात उकळून घ्या. ते चाळणीवर दुहेरी अंथरून त्यात शिजलेले टोमॅटो ओता आणि आपोआप गळू द्या. फडके पिळायचे नाही.

४. गाळलेले सार पुन्हा एक उकळी आणून झाका.

चोथा टाकू नका. तेलावर लसूण, तिखट घालून परता, भाकरीबरोबर चटणी होते. टोमॅटोचा लाल रंग तेलाबरोबर अंगाला अधिक लागतो, म्हणजे तोही वाया जात नाही.

गार कसे करायचे?

परातीत पाणी घालून त्यात गरम पातेले ठेवा. परातीतले पाणी तापले की दोन-तीनदा बदला. वाफ निवली की पातेल्याभोवती ओले फडके गुंडाळा, त्याची टोके परातीतल्या पाण्यात राहू द्या आणि पातेले खिडकीच्या वाऱ्यावर ठेवा. फडक्यातले पाणी उडून जाताना भांड्यातली उष्णता घेऊन जाते. माठ गार होतो तो असाच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ही युक्ती चांगली चालते, पावसाळी दमट हवेत नाही.

रस्त्यावरचा बर्फ सारात घालू नका. तो कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला कळत नाही, आणि सगळी उकळण्याची मेहनत फुकट जाते.

आमच्या दोन चुका

पहिल्यांदा आम्ही घाईने फडके पिळले. सार गढूळ झाले. दुसऱ्यांदा सकाळचे सार संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिले. वर फेस आला, सगळे ओतून द्यावे लागले. तेव्हापासून नियम केला : फ्रिज नसेल तर गार झाल्यावर दोन तासांत संपवायचे, आणि उरेल इतके करायचेच नाही. हे सार बाटलीत भरून कामावर नेऊ नका. बाटलीत पाणीच न्या, सार घरी आल्यावर प्या.

हे लक्षात ठेवा

रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ निम्मे करावे. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये. जुलाब-उलट्या झाल्यास हे सार औषध नव्हे. त्यासाठी ओआरएसच हवे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उन्हाने अंग तापून माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

शेवटी एक. सार घरी आपण करू, पण तहान मारून काम करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बांधकाम कामगारांसाठी कायदा आहे. कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि संडास-मुतारी देणे त्यात मालकावर बंधनकारक आहे. एकटीला मागायला संकोच वाटतो. चौघी मिळून मागा.