आठ दिवसांचं गाव आणि वर्षभराची टाकी

सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत. खानदेशातून, मालेगाव-धुळ्याकडून पायी दिंड्या येतात आणि कळवण तालुक्यातल्या नांदुरीच्या पायथ्यापर्यंत रस्त्याच्या कडेने मुक्कामाचे तळ पडतात. मंडप, पाण्याचे टँकर, महाप्रसाद, सगळं रीतसर. पौर्णिमा झाली की मंडप सुटतात, आणि दोन दिवसांनी त्या शेतात काही होतं हेही कळत नाही.

आता प्रश्न असा, की त्या तळावर मुक्काम केलेल्या माणसांचं सांडपाणी कुठे गेलं? आणि ते तिथे जाऊ द्यायला कुणाची परवानगी लागते का?

आधी परवानगीचं बघू, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. 'पर्यावरण मंजुरी' म्हटलं की आपल्याला 2006 ची ईआयए अधिसूचना आठवते. पण तिच्यात इमारतींचे प्रकल्प 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे येतात. मंडपाला बांधकाम क्षेत्रफळच नाही, त्यामुळे दहा हजार माणसं झोपली तरी ती अधिसूचना त्याच्याकडे बघत नाही. कामाला येतो तो जुना, 1974 चा जल प्रदूषण कायदा. त्याच्या कलम 25 नुसार सांडपाणी प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा नुसतं जमिनीवर सोडणारी व्यवस्था उभारायची असेल तर राज्य मंडळाची, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची, आधी संमती लागते. आणि 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या मला फार आवडते. त्यात नदी तर आहेच, पण सध्या कोरडा असलेला जलमार्गही आहे आणि भूजलही आहे. म्हणजे चैत्रात खडखडीत पडलेला ओहोळ कायद्याच्या नजरेत प्रवाहच. 'साहेब, इथे पाणीच नाही' हे उत्तर चालत नाही.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. अर्ज केल्यावर चार महिन्यांत मंडळाने नकार दिला नाही, तर संमती मिळाली असं धरलं जातं. तळ आठ दिवसांचा आणि अर्जाची मुदत चार महिन्यांची! चैत्र पौर्णिमेचा हिशोब करायचा तर कागद मार्गशीर्षातच जायला हवेत. शिवाय कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, पेसा लागू आहे, त्यामुळे ग्रामसभेला यात बोलायचा पूर्ण हक्क आहे. माझ्या मते खरी चर्चा तिथेच व्हायला हवी, कारण नंतर ते पाणी पिणारे तिथेच बसलेले असतात.

आता समजा अर्ज केला. अर्जात आकडा काय लिहाल? आपण एक कल्पित तळ घेऊ: 2,000 माणसं, 8 दिवस. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. इथे टँकरचं पाणी, म्हणून 40 लिटर धरू. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे माणशी 32 लिटर, एकूण रोज 64,000 लिटर. वर्षाची सरासरी काढली तर हेच रोजचे 1,400 लिटर होतात. कागदावर एखाद्या छोट्या लॉजइतकं! या सरासरीवर कुणी 10,000 लिटरची सेप्टिक टाकी बांधली तर 'सातपट मोठी बांधली' असं वाटेल. प्रत्यक्ष यात्रेत मात्र पाणी त्या टाकीत पावणेचार तास थांबेल. मैला खाली बसायला निदान दिवसभर तरी पाणी स्थिर राहावं लागतं. पावणेचार तासांत टाकी म्हणजे फक्त एक रुंद पाइप.

पाणी कमी वापरलं म्हणजे प्रदूषण कमी, हाही एक गैरसमज. माणूस रोज जेवढा सेंद्रिय भार टाकतो तो पाण्यावर ठरत नाही. आपल्याकडच्या आराखड्यांत तो बीओडीच्या मापात (जंतूंना तो भार पचवायला लागणारा ऑक्सिजन) माणशी सुमारे 27 ग्रॅम धरतात. शहरात तो 108 लिटरमध्ये विरघळतो, म्हणजे लिटरला 250 मिलिग्रॅम. आपल्या तळावर 32 लिटरमध्ये, म्हणजे 840 च्या आसपास. तिपटीहून जास्त घट्ट. प्रक्रिया करून सोडायच्या पाण्यासाठी 2017 च्या केंद्राच्या अधिसूचनेत महानगरांबाहेर मर्यादा आहे 30. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये ती 10 वर आणायला सांगितलं.

'मग सरळ एक एसटीपी बसवा ना!' असं कुणीतरी म्हणतंच. इथे माझ्या विषयातली, म्हणजे जंतूंची, गोष्ट येते. नेहमीच्या एसटीपीत हवा सोडलेल्या टाकीत जिवाणू असतात आणि ते मैला खातात. त्यांना खाणं मिळालं नाही की ते स्वतःलाच खायला लागतात. पुस्तकी दराने, रोज साधारण 6 टक्के, महिनाभर उपाशी ठेवलं तर जिवंत वस्तुमान एक षष्ठांश उरतं. अकरा महिन्यांनी काय उरेल ते तुम्हीच बघा. पुन्हा नव्याने जिवाणू वाढवायला दोन ते चार आठवडे लागतात. तळ आठ दिवसांचा. यंत्र जागं होईपर्यंत दिंडी घरी पोचलेली असते.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही बरं का. साखर कारखान्याचा गळीत हंगामही असाच असतो. म्हणूनच साखर उद्योगासाठीच्या 2016 च्या केंद्रीय मानकांत अट आहे, की सांडपाणी प्रकल्प हंगामाच्या एक महिना आधी स्थिर करायचा आणि हंगाम संपल्यावर आणखी महिनाभर चालू ठेवायचा. शेणकाला किंवा दुसऱ्या चालू प्रकल्पातला गाळ आणून विरजण लावतात, थोडं थोडं खाणं देतात. अगदी दह्यासारखंच. हेच वाक्य यात्रेच्या तळाच्या संमतीपत्रात अट म्हणून का घालू नये? मला तरी त्यात काही अवघड दिसत नाही. दुसरा उपाय म्हणजे हवेशिवाय जगणारे जिवाणू वापरणं. ते हळू खातात पण उपवासाला पक्के असतात, कित्येक महिने तग धरतात. मात्र त्यांच्यातून निघालेलं पाणी पुरेसं स्वच्छ नसतं, पुढे आणखी एक टप्पा लागतोच.

बहुतेक ठिकाणी खरं तर यातलं काहीच होत नाही, शोषखड्डा खणला जातो. आणि सगळ्यात जास्त काळजी मला त्याचीच वाटते. शोषखड्ड्याच्या आधी जमीन पाणी किती पिते ते तपासायचं असतं: भोक पाडायचं, भिजवायचं, पाणी भरायचं, पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. भारतीय मानकाप्रमाणे 30 मिनिटांपेक्षा जास्त लागली तर शोषखड्डा चालत नाही. पण आपल्या डोंगरात उलटं घडतं. वर हातभर मुरूम, खाली भेगाळलेला बेसॉल्ट. भेग लागली की पाणी भर्रकन उतरतं आणि चाचणी झकास पास! माती मैलापाणी गाळते, भेग गाळत नाही. ती ते जसंच्या तसं पुढे नेते. मानकात पिण्याच्या पाण्यापासून 18 मीटर अंतर सांगितलंय, ते मातीच्या भरवशावर. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधून वाहणाऱ्या पाण्याला 18 मीटर म्हणजे काहीच नाही. याच थरांमधून डोंगरउतारावर झरे फुटतात आणि खालच्या वस्त्या तेच पाणी भरतात.

चैत्रात हे दिसत नाही. खड्ड्यातला मैला वाळून बसतो, वास जातो, लोक विसरतात. मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस येतो आणि आठ दिवसांचा साठा एकदम खाली धुतला जातो. त्या आठवड्यात वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर दोष 'पावसाळी हवे'ला दिला जातो. दोन महिन्यांपूर्वीचा मंडप कुणाच्या डोक्यातही येत नाही.

म्हणून अशा पातळ मातीच्या जागी मी शोषखड्ड्याला संमती देणार नाही. बंद टाक्या, त्यांची क्षमता गर्दीच्या दिवसावर मोजलेली, आणि रोज उपसून नेणारा टँकर. हा टँकर कुठे रिकामा होणार ते अर्जातच लिहून घ्यायचं, कारण छोट्या प्रकल्पात एकदम ओतला तर तिथले जिवाणूही झोपतात. आंघोळीचं पाणी वेगळं ठेवलं तर उपसायचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. पंढरपुरात उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर चंद्रभागेच्या वाळवंटातले मुक्काम 65 एकरच्या जागेत हलवले गेले. जागा ठरली की सोयी नीट करता येतात, हे तिथे दिसलं. कळवणच्या वाटेवर तळ विखुरलेले आहेत, पण दरवर्षी पडतात साधारण त्याच त्याच शेतांत.

तुमच्या गावात असा तळ पडत असेल तर एक करा. खालच्या अंगाच्या झऱ्याचं किंवा विहिरीचं पाणी तीनदा तपासून घ्या: रामनवमीच्या आधी, पौर्णिमेनंतर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याच्या आत. ई-कोलाय आणि नायट्रेट, दोनच गोष्टी. पिण्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय अजिबात नको आणि नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. तिसरा नमुना लोक नेहमी विसरतात, आणि सगळं सांगणारा तोच असतो.